मोबाईलमधला कचरा वेगळा, मोबाईलमधला चोर वेगळा



आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलीला कॉलेजपर्यंत नेले. वस्तीतील बारा महिलांचा बचत गट आहे, त्याच्या त्या खजिनदार. दरमहा तीनशे रुपये वर्गणी. बँकेत जायचे तर अर्ध्या दिवसाचे काम बुडते, म्हणून सगळ्या जणी वर्गणी आधी मावशींच्या खात्यावर मोबाईलवरून टाकतात आणि दोन-तीन महिन्यांनी ती एकदम गटाच्या खात्यात भरली जाते. हिशेबाच्या दृष्टीने ही रीत बरोबर नाही, हे आम्ही त्यांना पूर्वी दोनदा सांगितले होते. पण अर्ध्या दिवसाची मजुरी कोण देणार, या त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडेही उत्तर नव्हते.

एका रविवारी सकाळी मावशी मुलीला घेऊन आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मोबाईल लई हळू चालतोय. आत कचरा झालाय म्हणतात. जरा साफ करून द्या." वस्तीत असली कामे आमच्याकडेच येतात. अर्ज लिहिणे, दाखल्याची फी भरणे, मोबाईल अडला तर बघणे. आम्ही चहा ठेवायला सांगितला आणि फोन हातात घेतला. जागा संपल्याची सूचना वरच दिसत होती. आम्ही फोटो चाळू लागलो, तोच मावशी हळूच म्हणाल्या, "कचरा झाला म्हणूनच पैसे गेले का हो, भाऊ?"

आमचा हात तिथेच थांबला. विचारले तेव्हा कळले की बुधवारी रात्री दोनच्या सुमाराला त्यांच्या खात्यातून दोन वेळा मिळून ९,६०० रुपये गेले होते. त्यात दोन महिन्यांची गटाची वर्गणी ७,२०० रुपये आणि उरलेले २,४०० मावशींच्या घामाचे. चार दिवस त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. पैशापेक्षा मोठी धास्ती दुसरीच होती. गटातल्या बायका म्हणतील, खजिनदारणीने खाल्ले.

आज लिहिणे आहे ते या एकाच गोष्टीविषयी. फोनमधला कचरा ही एक गोष्ट आणि फोनमध्ये शिरलेला चोर ही दुसरी. कचऱ्याने जागा अडते, फोन रेंगाळतो, नवा फोटो निघत नाही. कचऱ्याने पैसे जात नाहीत. पण आपल्या लोकांना कचऱ्याचे भय दाखवूनच चोर घरात शिरतो. मावशींकडे तो झाडू घेऊनच आला होता.

झाले असे. मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मोबाईलवर काही शोधत होती. मध्येच एक पान उघडले. लाल अक्षरांत लिहिले होते की तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस आहेत, दोन मिनिटांत साफ केले नाहीत तर सिमकार्ड खराब होईल. वर त्यांच्याच फोनच्या कंपनीचे आणि मॉडेलचे नाव. "मामा, फोनचं नाव बरोबर होतं, म्हणून खरं वाटलं," मुलगी म्हणाली. त्या पोरीची काय चूक? इंटरनेटवर कोणतेही पान उघडले की आपला ब्राऊझर आपण कोणत्या प्रकारच्या फोनवरून आलो हे त्या पानाला बहुधा स्वतःच कळवतो. त्यात काही जादू नाही. पण असे पान आपल्या फोनच्या आत डोकावून व्हायरस मोजू शकत नाही. रस्त्यावरच्या माणसाने आपल्या दारावरची पाटी वाचावी आणि तुमच्या घरात तेरा उंदीर आहेत म्हणून सांगावे, तसला हा प्रकार.

तिने 'साफ करा' हे बटण दाबले. एक फाईल उतरली. ती प्ले स्टोअरवरून आली नव्हती. फोनने विचारले की अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवू का? हो म्हटले. मग त्या ॲपने सांगितले की नीट सफाई करायची तर 'ॲक्सेसिबिलिटी' चालू करा. तेही केले. मग ॲपचे चित्र पडद्यावरून नाहीसे झाले. मायलेकींना वाटले, काम झाले, गेले.

ते गेले नव्हते. ॲक्सेसिबिलिटी ही मुळात अंध आणि अपंग व्यक्तींसाठी केलेली चांगली सोय आहे. अंध माणसाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे 'टॉकबॅक' याच सोयीवर चालते. म्हणजे ज्याला ही परवानगी मिळाली तो पडदा वाचू शकतो, आपल्या वतीने बटणे दाबू शकतो. ती चोराच्या हाती गेली तर आपण टाकलेले आकडे त्याला दिसतात आणि रात्री आपण झोपल्यावर तो आपल्याच बोटांनी व्यवहार करतो. त्यात मेसेज वाचायची परवानगी दिलेली असली तर ओटीपीही त्याच्याच हातात. फोनची सफाई करायला यातले काहीही लागत नाही. झाडूवालीने तिजोरीची किल्ली मागितली तर आपण विचारू ना, कशाला हवी म्हणून?

त्या दिवशी आम्ही आधी सफाई केली नाही. आधी १९३० या राष्ट्रीय सायबर फसवणूक क्रमांकावर फोन लावला आणि तक्रार नोंदवली. मग पडद्यावरचे मेसेज, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, त्या ॲपचे सेटिंग्जमधले नाव, सगळ्यांचे दुसऱ्या फोनवरून फोटो काढले. सोमवारी बँकेत लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग हे कशाला?" आम्ही म्हणालो, "पोच हवी." वीस वर्षे कारकुनी केली, पोच न घेता कागद देणे आम्हाला जमत नाही. वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. पैसे गेले असतील तर फोन घाईने पूर्ण पुसून टाकू नये. इंटरनेट बंद करावे, आधी तक्रार, आधी पुरावा. आणि जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. मावशींचे चार दिवस संकोचात गेले, त्याची हळहळ आम्हाला आजही आहे.

आता खऱ्या कचऱ्याकडे वळू.

सरकारी कार्यालयात काम केलेल्यांना 'निंदणीकरण' हा शब्द ठाऊक असेल. शेतातले तण निंदून काढतात, तसे जुने कागद दप्तरातून काढून टाकणे. पण कोणीही उठून गठ्ठा जाळू शकत नाही. कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' कायम ठेवायचा, 'ड' थोड्या काळाने नष्ट करायचा. आधी वर्ग लावायचा, मग हात लावायचा. मोबाईललाही हाच कायदा लावावा, असे आमचे म्हणणे आहे.

आपल्या फोनमधले 'अ' वर्गाचे कागद कोणते? जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड, भाडेकरार यांचे फोटो. ठेकेदाराने मजुरी किती ठरवली त्याचा मेसेज. हजेरीच्या वहीचा काढलेला फोटो. आणि गेलेल्या माणसाचा आवाज असलेला एखादा निरोप. आमच्या शेजारच्या एका भगिनीच्या फोनमध्ये तिच्या वडिलांचा अकरा सेकंदांचा निरोप आहे, "भाजी आणू का?" एवढाच. तो कोणत्याही सफाई करणाऱ्या ॲपच्या लेखी कचरा आहे. म्हणून सफाईच्या आधी या गोष्टी बाजूला काढाव्यात. महत्त्वाच्या कागदांची एक छापील प्रत घरच्या पिशवीत असावी, एक घरातल्या दुसऱ्याच्या फोनमध्ये. २०१५ साली सुरू झालेले सरकारचे डिजिलॉकर आहे, त्यात आधार, गुणपत्रिका वगैरे बरेच दाखले थेट देणाऱ्या खात्याकडूनच मिळतात. तेथून घेतलेला दाखला फोन हरवला तरी हरवत नाही.

'ड' वर्ग मात्र भरपूर आहे, आणि त्यातला बहुतेक व्हॉट्सॲपमध्ये आहे. सकाळी उठल्यावर फुलांचे चित्र, सुविचार, वाढदिवसाचा बॅनर. १४ एप्रिलला तर एकच चित्र चाळीस गटांतून चाळीस वेळा येते. यात हसण्यासारखे काही नाही. २०१८ च्या जानेवारीत एका अमेरिकन वृत्तपत्राने बातमी दिली होती की भारतातल्या लोकांचे फोन भरून का जातात याचा शोध गूगलच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा 'गुड मॉर्निंग'ची चित्रे हे एक मोठे कारण निघाले. त्याच बातमीत असे होते की भारतात तीनपैकी एका स्मार्टफोनधारकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहापैकी एकाची. अमेरिकेतला माणूस मोठ्या जागेचा महाग फोन घेतो आणि आपण हप्त्यावरचा स्वस्त घेतो, हाही फरक त्यात आहेच, असे आम्हाला वाटते.

हा कचरा काढायला कोणतेही नवे ॲप लागत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तेथे पाच एमबीपेक्षा मोठ्या फाईली वेगळ्या दिसतात, पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या दिसतात आणि खाली कोणत्या गटाने किती जागा खाल्ली त्याची यादी. मोठ्यापासून सुरुवात करावी. एक लग्नाचा व्हिडिओ पुसला तर शेकडो चित्रे पुसल्याइतकी जागा सुटते. त्याच पानावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणे बंद करता येते. ते केले की कचरा दारातच थांबतो, हवे तेच बोट लावून उतरवायचे. मावशींच्या फोनमध्ये एवढ्यानेच साडेपाच जीबी मोकळे झाले.

दुसरा कचरा कॅशेचा. कॅशे म्हणजे काय, तर टेबलावर हाताशी काढून ठेवलेले कागद. पुन्हा-पुन्हा लागतात म्हणून ॲप ते कपाटातून काढून जवळ ठेवते. ढीग फार झाला की काढावा. सेटिंग्जमध्ये ॲप निवडावे, त्यात स्टोरेज, त्यात 'क्लिअर कॅशे'. व्हिडिओ दाखवणारी ॲप आणि ब्राऊझर यांचा ढीग मोठा असतो. पण रोज कॅशे पुसणाऱ्या पोरांना आमचे सांगणे आहे की पुसलेले कागद ॲप पुन्हा आणते आणि त्यात तुमचा डेटाच खर्च होतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, जागा कमी पडली तर, एवढे पुरे.

येथे आम्हाला आमची स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. त्या 'क्लिअर कॅशे'च्या शेजारीच 'क्लिअर स्टोरेज' असे बटण असते. जुन्या फोनमध्ये त्याला 'क्लिअर डेटा' म्हणतात. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळाच्या वर्गणीच्या नोंदी मोबाईलमधल्या एका साध्या ॲपमध्ये ठेवत होतो. त्याची नक्कल कुठेही नव्हती. एके दिवशी सफाईच्या भरात आमचे बोट दुसऱ्या बटणावर पडले. फोनने विचारले, नक्की? आम्ही म्हटले, नक्की! दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. बी.कॉम. झालेला माणूस, कार्यालयात दुसऱ्यांच्या चुका काढणारा! मग वही घेऊन घरोघर गेलो, "तुम्ही किती दिले होते?" म्हणून विचारत. कोणी खोटे सांगितले नाही. एका आजोबांनी तर जास्तच सांगितले आणि फरक त्याच वेळी हातात ठेवला. कॅशे पुसला तर टेबल मोकळे होते, डेटा पुसला तर कपाटच रिकामे होते. यातला भेद आम्हाला असा समजला.

फोटोंच्या बाबतीतही एक खड्डा आहे. ज्यांच्या फोनमध्ये गूगल फोटोज चालू आहे त्यांना वाटते की फोटो वर गूगलकडे गेलेत, आता फोनमधले पुसले तरी चालतील. पण त्या ॲपमध्ये जाऊन 'डिलीट' केले तर वरचाही जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यात 'फ्री अप स्पेस' ही वेगळी सोय आहे, ती वापरावी. चुकून पुसलेच तर घाबरू नये. त्याच्या कचरापेटीत वर गेलेले फोटो साठ दिवस राहतात, तेवढ्यात परत काढता येतात.

आता चोर कसा ओळखावा?

आमच्या गल्लीतला एक मुलगा तासातासाला फोनचे चौकोनी बटण दाबून सगळी ॲप वर सरकवून बंद करतो. म्हणतो, "काका, मागे प्रोसेस चालू राहतात." राहतात, पण त्यात बिघडत नाही. अँड्रॉइड स्वतःच जागा लागली की मागची ॲप बंद करतो. आपण सगळी मारून टाकली की पुढच्या वेळी तीच ॲप पहिल्यापासून उघडावी लागतात आणि बॅटरी उलट जास्त जाते. अडकून बसलेले एखादे ॲप बंद करावे, बाकीच्यांना राहू द्यावे.

तसेच यादीत विचित्र नाव दिसले म्हणजे चोर, असेही समजू नये. 'गूगल प्ले सर्व्हिसेस', 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू', 'सिस्टिम यूआय', 'कॅरियर सर्व्हिसेस' ही घरचीच माणसे आहेत, नावे साहेबी एवढेच. हा वेबव्ह्यू इतर ॲपच्या पोटात इंटरनेटची पाने दाखवायचे काम करतो. २०२१ च्या मार्चमध्ये त्याची एक आवृत्ती बिघडली, तर जगभर अनेकांच्या फोनमधली ॲप उघडताक्षणी बंद पडू लागली. सुधारित आवृत्ती आल्यावर सगळे ठीक झाले. असल्या ॲपला हात लावू नये.

उलट, साधे सोज्वळ नाव दिसले म्हणून विश्वासही ठेवू नये. त्याच २०२१ च्या मार्चमध्ये एका सुरक्षा कंपनीने एक हेरगिरी करणारे ॲप उघडकीला आणले, त्याचे नाव होते 'सिस्टिम अपडेट'. म्हणून नावाकडे कमी आणि वागण्याकडे जास्त पाहावे. सेटिंग्जमध्ये बॅटरी कोणी किती खाल्ली ते दिसते, मोबाईल डेटा कोणी किती वापरला तेही दिसते. ज्याला आपण आठवडाभर हात लावला नाही ते ॲप रात्रभर डेटा खात असेल तर त्याला जाब विचारावा. कोणतेही ॲप उघडलेले नसताना पडद्यावर जाहिराती येत असतील, बँकेचे मेसेज यायचे अचानक थांबले असतील, टॉर्चचे ॲप मेसेज वाचायची परवानगी मागत असेल, सेटिंग्जमधल्या संपूर्ण यादीत असे एखादे ॲप असेल ज्याचे चित्र पडद्यावर नाही किंवा ज्याला नावच नाही, तर दाल में काला आहे.

मावशींच्या फोनमध्ये ते ॲप यादीत सापडले, पण 'अनइन्स्टॉल' दाबले तरी निघेना. बटण फिकट होते. कारण त्याने स्वतःला 'डिव्हाइस ॲडमिन' करून घेतले होते. म्हणजे चोराने घरात शिरून आतून कडी लावलेली. तेव्हा आम्ही फोन सेफ मोडमध्ये चालू केला. बऱ्याच फोनमध्ये बंद करायचे बटण धरले की जे 'पॉवर ऑफ' दिसते त्यावर बोट थोडा वेळ दाबून ठेवले की सेफ मोडबद्दल विचारतात. त्यात आपण बसवलेली ॲप चालत नाहीत, फोनची मूळची तेवढी चालतात. मग सेटिंग्जच्या वरच्या शोधाच्या चौकटीत 'ॲक्सेसिबिलिटी' शोधून त्याची परवानगी काढली, 'डिव्हाइस ॲडमिन' शोधून तेथली खूण काढली आणि मग ते ॲप निमूट निघाले. फोन नेहमीसारखा चालू करून प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून 'प्ले प्रोटेक्ट'ची तपासणी केली. ती गूगलची फुकट सोय आहे, प्रत्येकाने अधूनमधून करावी. आणि बँकेचा पासवर्ड व पिन मुलीच्या मैत्रिणीच्या फोनवरून बदलून घेतले. ज्या फोनमध्ये चोर होता त्याच फोनवरून नवी किल्ली घडवायची नाही.

एवढे करूनही संशय राहिला तर 'अ' वर्गाचे कागद बाहेर काढून फोन 'फॅक्टरी रिसेट' करावा. बाजारातून जुना फोन घेतला असेल तर पहिल्याच दिवशी करावा. क्वचित रिसेटलाही न जुमानणारे निघतात. २०१९ मध्ये 'एक्सहेल्पर' नावाचे असे एक ॲप सापडले होते. पडद्यावर चित्र नाही, काढले तरी परत येणार, आणि सिमँटेक कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे ४५,००० फोनांत ते शिरले होते, त्यात भारतातले फोन मोठ्या संख्येने. तेव्हा असा फोन कंपनीच्या सेवा केंद्रात नेलेला बरा.

हे सगळे झाल्यावर मुलीने विचारले, "मामा, मग आता एखादं चांगलं क्लीनर टाकू का?" आम्ही तिला क्लीनरांचा इतिहास सांगितला. 'क्लीन मास्टर' हे एका काळी जगात कोट्यवधी फोनांत होते. २०१८ च्या नोव्हेंबरात त्याच्या चिनी कंपनीच्या ॲपवर जाहिरातींच्या पैशात लबाडी केल्याचा आरोप झाला. कंपनीने तो नाकारला. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात क्लीन मास्टर होते, डीयू क्लीनर होते, डीयू बॅटरी सेव्हर होते, व्हायरस क्लीनरही होते. २०२२ मध्ये 'मिस्टर फोन क्लीनर' नावाचे ॲप खुद्द प्ले स्टोअरवर सापडले, ते लोकांच्या फोनात 'शार्कबॉट' हा बँकेच्या खात्यांवर डल्ला मारणारा प्रोग्राम बसवत होते. तेव्हा प्ले स्टोअरवर आहे म्हणून शंभर टक्के निर्धोक, असेही नाही. मात्र प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्यात धोका कितीतरी जास्त. बहुतेक फोनमध्ये सफाईची सोय मूळचीच असते, किंवा गूगलचे 'फाइल्स' हे ॲप असते. ते मोठ्या फाईली आणि दुहेरी फोटो दाखवते आणि पुसलेले तीस दिवस कचरापेटीत ठेवते. ना ते ॲक्सेसिबिलिटी मागते, ना मेसेज वाचते. आणखी काही नको.

व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड, बँकेचे बक्षीस म्हणून एखादी फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ए-पी-के ही तीन इंग्रजी अक्षरे असली तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. मग ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून आलेली का असेना. त्याचाही फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या अशा ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळू नये म्हणून अडसर घातला आहे. तो अडसर कसा काढायचा हे जर ते ॲपच चित्रे दाखवून शिकवू लागले, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

पुढच्या रविवारी समाजमंदिरात गटाची बैठक झाली. मावशींनी आम्हाला बरोबर नेले. त्यांनी सगळे सांगितले. एक भगिनी फटकन म्हणाली, "मोबाईलनं पैसे खाल्ले होय? बरं आहे!" मावशी खाली पाहत राहिल्या. आम्ही तक्रारीचा क्रमांक, बँकेची पोच, व्यवहारांचे फोटो पुढे ठेवले. मग म्हणालो, सगळ्यांनी आपापले फोन काढा. दोन तास बसलो. बारापैकी तीन फोनांत ओळखपाळख नसलेले 'क्लीनर' निघाले आणि त्यातल्या एकाने ॲक्सेसिबिलिटी घेतलेली होती. तो फोन त्या फटकन बोलणाऱ्या भगिनीचाच होता. तिने काही न बोलता तो आमच्यापुढे सरकवला. मग उठून मावशींच्या शेजारी जाऊन बसली.

पैसे अजून परत आलेले नाहीत. तक्रारीवर 'कार्यवाही सुरू' एवढेच दिसते. मावशी दरमहा पाचशे रुपये भरून देते म्हणाल्या, गटाने ते घेतले नाहीत. वर्गणी आता थेट गटाच्या खात्यात जमा होते, आणि बँकेत जायचे काम पाळीपाळीने. ते ७,२०० रुपये आम्ही गटाच्या वहीत उचंत खात्यावर दाखवले आहेत. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते तेथेच राहतील.